कोरपी गेलीच नव्हती

सरांनी माझ्या पेपरवरच्या दुसऱ्या नावाभोवती लाल पेनाने गोल काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“ही कोण?”

“पार्बताबाई नान्हे, सर. कनेरटोल्याच्या.”

“कुठल्या कॉलेजात आहे?”

“कॉलेजात नाहीत. तलावाच्या काठावर मासे निवडतात.”

“किती शिकलीय?”

“दुसरी.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. खानझोडे सर चिडले की आवाज चढवत नसत, टोपण लावत. तो टक् आवाज आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा होता आणि तो ऐकून कितीतरी जणांनी आपापले निष्कर्ष बदलले होते.

“ललिता, आभार मानायला पेपरच्या शेवटी जागा असते. तिथे लिही, स्थानिक मच्छीमार महिलांचे आभार. त्यांनाही बरं वाटेल.”

“निम्मं काम त्यांचं आहे, सर.”

“काम तर फॉर्मालिनच्या बरण्या धुणाऱ्याचंही असतं. आणि आता हे बघ.” त्यांनी शीर्षकावर बोट ठेवलं. मी दिलेलं शीर्षक खोडून त्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी नवं लिहिलं होतं: वीस वर्षांनंतर कोरपीचा पुनर्शोध. खाली नावं होती. पहिलं सरांचं, दुसरं विभागप्रमुखांचं, तिसरं माझं.

हे २०११च्या मार्चमधलं. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होते. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. प्रबंध सादर करायच्या आधी निदान एक पेपर चांगल्या जर्नलमध्ये छापून यायला हवा असा विद्यापीठाचा नियम होता, आणि प्रबंधावर गाईडची सही नसेल तर तो कोणी दारातही घेत नसे. म्हणजे माझी डिग्री त्या टोपण लावलेल्या पेनात होती, आणि ते पेन कोणाच्या खिशात आहे हे सरांना चांगलं ठाऊक होतं.

कोरपी हा बोटभर लांबीचा मासा आहे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा, पोट चांदीसारखं. भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारांनी बांधलेले शेकडो तलाव आहेत, कनेरटोल्याचा त्यांतलाच एक. खानझोडे सरांची सगळी कीर्ती या एका तलावावर उभी होती. १९७९ पासून दर मंगळवारी विभागाचा माणूस तिथल्या आठवडी बाजारात जाई, तलावाचे मासे विकायला बसत त्या ओट्यावरून सगळ्या जातींचे मिळून दोन किलो मासे घेई आणि फॉर्मालिनमध्ये घालून विभागात आणी. मग कोणता मासा किती, याची नोंद रजिस्टरमध्ये होई. बत्तीस वर्षांत एकही मंगळवार चुकला नव्हता. सरांच्या या चिकाटीला मी आजही हात जोडते. त्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं होतं की १९९१पासून कोरपी झपाट्याने कमी झाली आणि ब्याण्णवच्या फेब्रुवारीनंतर एकही मिळाली नाही. या तलावातून नामशेष. तो पेपर गाजला, एमएस्सीच्या अभ्यासक्रमात लागला, आणि परीक्षेत त्यावर हमखास पंधरा मार्कांचा प्रश्न येई.

मला सरांनी दिलेला विषय वेगळाच होता, माशांच्या आहाराचा. त्यासाठी ताजे मासे हवेत, म्हणून मी बाजारात न जाता सरळ तलावाच्या काठावर जाऊन बसले. विभागातून बत्तीस वर्षांत तिथे कोणी गेलं नव्हतं. बाजार रस्त्यावर होता आणि तलाव बाजारापासून चिखलातून तीन किलोमीटर आत, एवढं साधं कारण.

जाळी आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी पहाटे ओढत. ती काठाला लागली की पुरुष बाजूला होत आणि बायका ढिगाभोवती उकिडव्या बसत. मोठे मासे एका टोपल्यात, मधले दुसऱ्यात, झिंगे तिसऱ्यात. हात इतके झरझर चालत की डोळ्यांना दिसेपर्यंत मासा टोपल्यात गेलेला असे. त्या सगळ्यांत वयाने मोठ्या पार्बताबाई. साठी ओलांडलेली, काटक अंग, तोंडात कायम तंबाखूची चिमूट. त्यांच्या गुडघ्याशी एक पसरट परडी होती आणि तिच्यात फक्त बोटभर लांबीचे, काळ्या पट्ट्याचे मासे होते.

मी एक उचलला. अजून तडफडत होता.

“ही कोरपी ना?”

“तुले कसं ठाऊक?”

“पुस्तकात वाचलं.”

“पुस्तकात कोरपी हाये?” पार्बताबाईंचे हात थांबले. “अना का लिवलं हाये त्या पुस्तकात?”

“संपली म्हणून.”

बायका हसायला लागल्या त्या थांबेचनात. एकीने तर परडी उचलून माझ्या मांडीवरच ठेवली. “घे वो बाई, संपलेली मच्छी घेऊन जा.”

मग पार्बताबाईंनी सांगितलं ते असं. कोरपी विकायची नसते. ती बाळंतिणीची. टोल्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, ज्या घरी बाई बाळंत झाली असेल त्या घरी जाते, कोणीच नसेल तर वाळवून, कुटून, तिखटमीठ लावून डब्यात राहते. तिने दूध येतं. ही रीत फार जुनी, पण पूर्वी ती पाळता येत नव्हती. तलाव ठेकेदाराकडे होता आणि ढीग काठाला लागला की त्याची माणसं तो तसाच गाडीत भरून बाजारात नेत. बायकांना ढिगाला हात लावायची बंदी. १९९१च्या पावसाळ्यानंतर टोल्यातल्या बायका तीन दिवस जाळ्यांवर बसून राहिल्या. पार्बताबाई सगळ्यांत पुढे. चौथ्या दिवशी ठरलं की काठावरच मासे निवडायचे आणि ते बायकांनीच निवडायचे.

“पहिल्या दिशी पहिली काढली ते कोरपीच,” त्या म्हणाल्या. “टोल्यातली रखमा बाळतीन होती तवा. तिच्या घरी मीच नेऊन देल्ली.”

मी तिथेच, चिखलात बसल्या बसल्या, सरांचा आलेख डोळ्यांसमोर आणला. त्यातली उतरती रेषा १९९१च्या शेवटी सुरू होत होती. बाजारात कोरपी कमी झाली कारण हळूहळू सगळ्या जाळ्यांवर बायकांचा अंमल बसत गेला, आणि फेब्रुवारीत तो पुरता बसला. सरांनी बत्तीस वर्षं इमानाने मोजलं, पण त्यातली शेवटची वीस वर्षं मोजलं ते बायकांनी निवडून मागे ठेवलेलं. तलावात काय आहे हे त्या नोंदींत नव्हतंच.

मी चौदा महिने कनेरटोल्याला येत-जात राहिले. दर खेपेला पार्बताबाईंकडे जेवले. त्यांना मी एक वही दिली होती. जाळं लागलं की त्या दिवसाच्या रकान्यात एका ओंजळीला एक रेघ ओढायची. चौदा महिन्यांत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि ओंजळीत किती मासे बसतात हे मी वेगवेगळ्या दिवशी साठ वेळा मोजून पाहिलं. तरी माझी एक अडचण होतीच. तलावात कोरपी आहे हे दाखवता येत होतं, पण ती बाजारात न दिसण्याचं कारण निवड हेच आहे, हे कसं सिद्ध करायचं? एक दिवस भाकरी थापता थापता पार्बताबाईंनीच त्याचा निकाल लावला.

“तुया सरले बाजारातली मच्छी दिसते. आमी काढून घेतलं ते त्याले कसं दिसन? असं करू. चार मंगळवार आमी निवडतच नाई. ढीग तसाच जाऊ दे. मंग पाह्य बाजारात का येते ते.”

“बाळंतिणीचा वाटा?”

“ते मी पाहीन.”

बायकांची समजूत घालायला त्यांना आठ दिवस लागले. आणि नेमकी त्याच महिन्यात त्यांची स्वतःची सून बाळंत झाली. चार मंगळवार तिच्या डोळ्यांदेखत कोरपी बाजारात गेली. सुनेला दूध कमी आलं आणि अख्खा टोला पार्बताबाईंना बोलला. घरात मुलाने अबोला धरला. मी म्हटलं, थांबवू या. त्या म्हणाल्या, “दोन मंगळवार झाले ना? मंग अर्ध्यात सोडून का फायदा?” दुधाचं कारण कोरपी होतं की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो महिनाभर मला त्यांच्या सुनेच्या तोंडाकडे बघवलं नाही.

चारही मंगळवारी मी त्याच ओट्यावरून दोन-दोन किलो मासे घेतले. त्यांत अकरा, चौदा, नऊ आणि सतरा कोरपी निघाल्या. पाचव्या मंगळवारपासून बायका पुन्हा निवडायला लागल्या आणि आकडा शून्यावर आला. विभागाच्या माणसानेही त्या चार मंगळवारी नेहमीसारखेच मासे आणले होते. सरांनी रजिस्टर उघडलं, कोरपी पाहिली, आणि वीस वर्षांनी मासा परत आला म्हणून त्यांना झालेला आनंद मी माझ्या डोळ्यांनी बघितला. माझा मसुदा त्यांच्या हातात पडला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

“सर,” त्या दिवशी मी म्हणाले, “गेलीच नव्हती तर परत कशी येईल?”

“बत्तीस वर्षांची नोंद खोटी आहे?”

“नोंद खरी आहे. पण ती बाजाराची आहे.”

“आणि हे तुला सांगितलं कोणी? दुसरी शिकलेल्या बाईने. वैज्ञानिक साहित्यात त्याला काय म्हणतात, माहीत आहे? ऐकीव गोष्ट.”

“चार मंगळवारचे आकडे आहेत, सर. तो प्रयोग त्यांनीच सुचवला.”

“योगायोग. पाऊस चांगला झाला, मासा परतला. असं होतं.” मग त्यांचा स्वर मऊ झाला. तो मला जास्त अवघड गेला. “हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. पुनर्शोधाचा पेपर मोठं जर्नल हसत घेईल. एप्रिलमध्ये पाठवू, तुझा प्रबंध जूनमध्ये जाईल. गाईडचं नाव पहिलं, प्रमुखांचं दुसरं, ही पद्धतच आहे आपल्याकडे. मीही माझ्या गाईडच्या खाली राहिलो पाच पेपर. त्यात काही कमीपणा नाही.”

“माझ्या नावाचं मी बोलतच नाहीये, सर. मला तिसरं काय, दहावं ठेवा. पण त्या बाईचं नाव काढून, ती जे सांगते त्याच्या उलट लिहायचं, हे मला जमणार नाही.”

“मग काय करणार आहेस?”

मी टेबलावरचा कागद उचलला. “असाच पाठवते.”

“माझ्या सहीशिवाय?”

“जर्नलला गाईडची सही लागत नाही. मी नियम वाचलेत.”

“प्रबंधाला लागते.”

“हो, सर. तेही वाचलंय.”

बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी कोणी धीट मुलगी नव्हते. त्याआधी सरांसमोर ‘हो सर’ सोडून माझ्या तोंडून दुसरं काही निघालेलं मलाच आठवत नव्हतं. पण त्या दिवशी मी घाबरले होते आणि त्याहून जास्त संतापले होते, आणि संताप वरचढ ठरला.

पेपर पाठवायला मी तालुक्याच्या गावातल्या इंटरनेट कॅफेत गेले आणि पार्बताबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. दुपारी दोनला लोडशेडिंग सुरू होई, त्याआधी सगळं भरायचं होतं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत मांडी घालून त्या स्क्रीनकडे बघत बसल्या.

जर्नलचा फॉर्म माझ्यासारख्यांसाठीही केलेला नव्हता, त्यांच्यासारख्यांसाठी तर नाहीच. प्रत्येक लेखकाचा ईमेल हवा. मी त्यांच्या नावाने ईमेल उघडला. प्रत्येकाची पदवी हवी. तिथे डॉक्टर, प्राध्यापक, श्रीयुत, श्रीमती असे पर्याय होते, त्यातलं श्रीमती निवडलं. मग संस्थेचा रकाना आला आणि तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना.

“मावशी, तुमचं काम करायचं ठिकाण विचारतोय.”

“तलाव लिव.”

“संस्थेचं नाव हवं.”

“आमी बाया बसतो तिथं, तेच आमचं ठिकान. दुसरं कोनतं सांगू?”

मी लिहिलं: मासे निवडणाऱ्या महिला, कनेरटोला तलाव. माझ्या नावापुढे विभागाचं नाव घालायचा मला अधिकार होता, पण मी तेही घातलं नाही. तिथे मी माझ्या खोलीचा पत्ता टाकला. विभागाच्या रजिस्टरमधला एकही नवा आकडा मी वापरला नव्हता. सरांचा छापून आलेला आलेख होता, आणि बाकी सगळं आमचं. दोनला दहा मिनिटं कमी असताना पेपर गेला.

“गेला?” पार्बताबाईंनी विचारलं.

“गेला.”

“आता का?”

“आता वाट बघायची.”

पेपर छापून आला, हे इथेच सांगून टाकते. दोन नावांनी, जसा पाठवला तसा. सरांनी माझं गाईडपण सोडलं, शिष्यवृत्ती संपली, दुसऱ्या गाईडकडे नव्याने नोंदणी करून डिग्री हातात यायला आणखी चार वर्षं गेली. त्यातली दोन मी एका खासगी शाळेत शिकवण्यात काढली. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या अलीकडचं. पेपर पाठवल्यावर तीन महिन्यांनी जर्नलकडून पत्र आलं.

पेपर आला की जर्नल तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे परीक्षणाला पाठवतं. त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत. पहिल्या परीक्षकाने किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. दुसऱ्याने पाच पानं लिहिली होती. सुरुवातच होती, ‘नम्रपणे नमूद करावेसे वाटते’, आणि पुढे नम्रपणा कुठेच नव्हता. माझ्या प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर गेली तीन वर्षं हीच भाषा उमटत आली होती. कनेरटोल्याच्या तलावावरचा देशातला सगळ्यांत मोठा जाणकार कोण, हे शोधून जर्नलने पेपर त्यालाच पाठवला होता. जर्नलचा तरी काय दोष? दुसरं कोणी नव्हतंच.

पाच पानांचं सार दोन प्रश्नांत होतं. दुसऱ्या लेखिकेला मासा ओळखता येतो याला पुरावा काय? आणि ही रीत अख्ख्या समाजाला ठाऊक होती, तर वीस वर्षांत एकाही व्यक्तीने ती विभागाला का सांगितली नाही? याचं समाधानकारक उत्तर नसेल तर ही रीत संशोधिकेच्या सोयीसाठी मागाहून रचलेली समजावी. खाली संपादकांनी लिहिलं होतं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्या, त्याशिवाय पेपर घेता येणार नाही.

पहिल्या प्रश्नावर पार्बताबाई म्हणाल्या, “त्याले इचार, डोळे बांधून किती जाती वळखते तो.” मी त्यांचे डोळे बांधून रीतसर परीक्षा घेतली. तेवीस जाती, दोनशे मासे, नुसत्या बोटांनी. चूक एक, आणि तो मासा रोगट होता. ते सगळं तक्त्यात भरलं.

दुसऱ्या उत्तरासाठी आम्ही पुन्हा त्याच कॅफेत, त्याच खुर्च्यांवर बसलो.

“काहून नाई सांगितलं म्हनते?” पार्बताबाई म्हणाल्या. “कोनी इचारलं नाई. तेच लिव.”

मी तेच इंग्रजीत लिहिलं. विभागातून कोणी काठावर आलं नाही, कोणी विचारलं नाही. एका ओळीत सगळं बसलं. पाठवायचं बटण समोर होतं आणि माझा हात माउसवरून हलेना.

“का झालं?”

“मावशी, हे पूर्ण खरं नाही.”

“काहून?”

“विचारायची गरजच नव्हती. विभागात एक मुलगी होती, तिला ठाऊक होतं.”

“कोन?”

“मी.”

त्या माझ्याकडे वळल्या. मी स्क्रीनकडेच बघत बोलत राहिले, कारण त्यांच्याकडे बघून मला बोलता आलं नसतं. माझं गाव कनेरटोल्यापासून अठरा किलोमीटर. आमच्याकडेही तलाव आहे, आमच्याकडेही टोला आहे. माझी आई तिथे मासे निवडते. थोरली बहीण बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या ताटातली कोरपीची भुकटी मी चोरून भातावर घेऊन खाल्ली होती आणि मार खाल्ला होता. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर कोरपीचं लॅटिन नाव लिहिलं, चित्र काढलं आणि नामशेष म्हणून सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्या बाकावर होते. आमच्या तलावात आहे, आमच्याकडे असं करतात, एवढं म्हणायचं होतं. मी हात वर केला नाही. हात वर केला असता तर सर म्हणाले असते, तुला कसं माहीत? आणि वसतिगृहात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझे वडील तहसील कचेरीत कारकून आहेत. परीक्षेत तो प्रश्न आला. मी कोरपी नामशेष झाल्याची चार कारणं लिहिली आणि पंधरापैकी चौदा मार्क मिळवले. वर्गात सगळ्यांत जास्त.

कॅफेचा मालक काउंटरवर वर्तमानपत्र वाचत होता. पंखा फिरत होता.

“मले का म्हनलं होतं तू?” त्यांनी विचारलं. “पुस्तकात वाचलं म्हनून?”

“हो.”

“चौदा महिने मह्या घरी जेवली.”

“हो.”

“तुया मायनं निवडलेली मच्छी खाऊन मोठी झाली, अना मले म्हनते पुस्तकात वाचलं.”

मला रडू आलं. त्यांनी जवळ घेतलं वगैरे नाही. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, बाहेर तंबाखू थुंकल्या आणि परत येऊन उभ्याच राहिल्या.

“काहून नाई सांगितलं?”

“लाज वाटत होती.”

“कायची?”

“आई मासे निवडते याची.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काट्यांवरून वेळ सांगता येत नसे त्यांना, पण लाईट जायची वेळ झाली हे बरोबर कळे.

“लाईन जाईन आता,” त्या म्हणाल्या. “मंग बसली काहून? ते पन लिव.”

“काय?”

“लाजेचं. त्यानं इचारलं ना, ठाऊक होतं तं सांगितलं काहून नाई? मंग सांग त्याले, काहून नाई सांगितलं ते.”

“मावशी, तो म्हणजे आमचे सरच आहेत. हे वाचलं तर मला डिग्री मिळू देणार नाही.”

“नाई तं आता देऊन रायला का?”

मी आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली. पहिल्या लेखिकेचा जन्म याच समाजात झाला आहे. तिची आई मासे निवडते. कोरपी आहे हे तिला विभागात शिकत असताना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या विभागात आपली आई काय करते हे सांगायची तिला लाज वाटत होती, म्हणून तिने सांगितलं नाही, आणि परीक्षेत खोटं उत्तर लिहून मार्क घेतले. दुसऱ्या परीक्षकांना हवं असल्यास ते तिची उत्तरपत्रिका पुन्हा तपासू शकतात.

मी पार्बताबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “आता तुया मायचं नाव लिव.”

मी आईचं नाव लिहिलं. कौसल्याबाई शेंडे. आणि पाठवून दिलं.